पुस्तकात नसलेला पक्षी

९ ऑक्टोबर, संध्याकाळ

मौनी आज चहाला आली नाही. फोन केला, तर म्हणे नदीवर आहे. नदीवर काय आहे? तर पक्षी आहेत. पक्षी माझ्या गॅलरीतही आहेत. दोन कबुतरं गेली कित्येक वर्षं वाळत घातलेल्या कपड्यांची वाट लावताहेत. त्यांच्याकडे हिनं कधी ढुंकून पाहिलं नाही.

मौनी हे तिचं खरं नाव नव्हे. छापखान्यात पडलेलं. तिथे आम्ही दोघींनी तीस वर्षं एका टेबलावर प्रुफं तपासली. मूळ प्रत माझ्या हातात, प्रूफ तिच्यापुढे. मी मोठ्यानं वाचायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळ्यासकट. तिनं प्रुफावरून नजर फिरवायची आणि फरक दिसला की पेन्सिल टेकवायची. वाचणं माझं, बघणं तिचं. मूळ प्रतीत असेल ते खरं, प्रुफात वेगळं दिसलं तर प्रूफ चूक. इतका साधा नियम. हा नियम सगळीकडे लावला तर जगातली निम्मी भांडणं मिटतील. तिला सगळे मौनी म्हणत आणि मला, पाठीमागे, भोंगा. कौतुकानं.

निवृत्तीनंतरही ती रोज संध्याकाळी येते. मी पेपर वाचून दाखवते, अग्रलेखासकट. ती ऐकते. विरामचिन्हं हल्ली गाळते मी, सवलत म्हणून.

ठराव: दुर्लक्ष करणे. मागे विणकामाचं वेड लागलं होतं, तेही स्वेटरच्या एका बाहीत आटपलं. पंधरा दिवस देते.

१२ ऑक्टोबर

आली. बुटांना चिखल. पायपुसण्यावरून चक्क चालत आली, पुसले नाहीत. मी काही बोलले नाही. फक्त पायपुसणं कशासाठी असतं ते सांगितलं.

अग्रलेख सांडपाण्यावर होता, फार चांगला. मी वाचत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. विचारलं, मी आत्ता काय वाचलं? तर म्हणाली, हं. मग एकदम म्हणाली, तुझ्या गॅलरीत कबुतरं दोन नाहीत, तीन आहेत. एकाचा पाय अधू आहे, ते पाइपाच्या मागे बसतं.

असेल. त्यात बघण्यासारखं काय आहे?

१९ ऑक्टोबर

या आठवड्यात एकदाच आली. बाकी दिवस नदी. नदीकाठी म्हणे राखीव जंगल आहे, त्याला लागून दलदल, आणि त्या दलदलीसाठी लोक पहाटे उठतात. पूर्वी लोक दलदल बुजवायचे. तेव्हा माणसांना अक्कल होती.

खाली भाऊ राहतो, आणि दुर्दैवानं भावजयही. जिन्यात गाठून म्हणाली, काय वन्सं, मैत्रीण उडाली वाटतं? मी म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं कंपाउंडचा दिवा लावला तर जिन्यात तोंडं तरी दिसतील. निरुत्तर झाली. निदान हसत हसत आत गेली.

२२ ऑक्टोबर

सगळा उलगडा झाला. त्या पक्षीवाल्यांचा म्होरक्या एक निवृत्त दंतवैद्य आहे. विधुर. आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावला, आता दुर्बीण लावून चोचीत डोकावतो. मौनीच्या बोलण्यात त्याचं नाव एकदा आलं. वर्षभरात एकूण चार वाक्यं बोलणाऱ्या बाईच्या बोलण्यात एखाद्याचं नाव एकदा येणं म्हणजे काय, ते मला कळतं.

मला पुरुषांचा राग नाही. मी लग्न केलं नाही, हा निर्णय माझा होता. विचारायला कोणी आलं नाही, हा भाग वेगळा. पण मौनी भोळी आहे. नवरा गेल्यापासून तिला माझ्याशिवाय कोण आहे? तिला चिखलातून बाहेर काढणं माझं कर्तव्य आहे.

ठराव: रविवारी स्वतः जायचं. एकदाच. पुढच्या रविवारपासून चहा पूर्ववत.

२६ ऑक्टोबर, रविवार

गेले. बस शेवटच्या थांब्यावर सोडते, तिथून नदीपर्यंत पायपीट. फाटकाशी फलक: आत शांतता राखा, फुलं तोडू नका, पक्ष्यांना खायला घालू नका. मी मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांना कळावा म्हणून. मंडळी नुसतीच बघत राहिली. फलक लावतात आणि वाचत नाहीत.

दंतवैद्य पुढे आला, नमस्कार केला, आणि माझ्या लाल शालीकडे बघून अगदी हळू म्हणाला की पुढच्या वेळी थोडा फिका रंग असला तर बरं पडेल. माझ्या कपड्यांबद्दल यापूर्वी फक्त कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी तोंड उघडलं होतं, आणि त्यांनी आधी देवाची परवानगी घेतली असणार. मी म्हटलं, डॉक्टर, पक्ष्यांना लाल रंगाचं वावडं असेल तर त्यांनी डोळे मिटावेत. तो हसला. दात चांगले आहेत. खोटे असतील.

मग फळ्यांच्या वाटेवरून चालणं. दोन्ही बाजूंना पाण्यात उभी असलेली झाडं, खोडांवर हिरवी बुरशी, सगळीकडे कुजलेल्या पानांचा वास. मध्येच एक मोठं वाळलेलं झाड आडवं, कोणी उचललेलं नाही. विचारलं, तर म्हणे ते मुद्दाम तसंच ठेवलंय. आळशीपणाला मुद्दाम हे नाव चांगलं आहे.

शेवटी लाकडी कुटी. आत अंधार, एक लांब बाक, समोरच्या भिंतीत आडवी फट. त्या फटीतून बघायचं. सगळे एका ओळीत गप्प बसले, जणू परीक्षेचे पेपर वाटले जाणार आहेत. समोर चिखल. चिखलात लांब लाल पायांचे काही पक्षी गुडघे उलटे मोडून चालत होते. मौनी दुर्बिणीतून बघत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की मी जरा घाबरलेच. छापखान्यात सोळा पानांचा अख्खा फॉर्म बिनचूक निघाला की असा व्हायचा.

मी कुजबुजून विचारलं, चहा कधी? एवढंच. माझं कुजबुजणं छपाईयंत्राच्या घरघरीवरून ऐकू जायला शिकलेलं आहे, त्याला माझा इलाज नाही. पाण्यातली सगळी बदकं एकदम उठली. आकाश भरून गेलं. फार सुंदर दृश्य. मी नसते, तर या लोकांना ते दिसलंच नसतं. आभार कोणी मानले नाहीत.

बसमध्ये मौनी खिडकीशी बसली. मी सगळ्या त्रुटी सांगितल्या. ती म्हणाली, हं.

एकूण प्रगती उत्तम.

३ नोव्हेंबर

व्यवस्थापनाला पत्र टाकलं: बाकाला पाठ नाही, वाटेला कठडा नाही, पडलेली झाडं उचलत नाहीत, चिखल सर्वत्र. चार मुद्दे, सुवाच्य अक्षर.

भाऊ म्हणाला, अगं ताई, दलदलीत चिखल नाही म्हणून तक्रार केली असतीस तर समजलं असतं. बायकोच्या संगतीत तोही वाया गेला.

९ नोव्हेंबर

धोरण बदललं. शत्रूला त्याच्याच शस्त्रानं मारायचं. पक्ष्यांचं पुस्तक आणलं, मार्गदर्शक म्हणतात तसलं, जाडजूड, चांगलं छापलेलं. (एका पानावर ओळ वाकडी गेली आहे. आमच्या वेळी असं पान बाहेर गेलं नसतं.) आता संध्याकाळी पेपरऐवजी हेच वाचून दाखवणार. पक्षी घरी बसून मिळत असतील तर नदीवर कोण जाईल?

१४ नोव्हेंबर

जिंकले! मौनी लागोपाठ तीन दिवस आली. मी वाचते: चोच काळी, सरळ, पाय लांब, लाल, आवाज तीव्र. ती डोळे मिटून ऐकते आणि तिचं बोट गुडघ्यावर हळूहळू हलतं, पूर्वी पेन्सिल हलायची तसं. परवा मध्येच म्हणाली, लाल नाहीत गं ते, गुलाबी आहेत. मी पुस्तक दाखवलं. लाल छापलंय. ती म्हणाली, सकाळच्या उन्हात गुलाबी दिसतात. मी म्हटलं, ऊन पुस्तकात धरत नाहीत.

खूप दिवसांनी घरात बरं वाटलं. तीस वर्षांची जोडी अशी मोडत नसते.

२३ नोव्हेंबर, रविवार

सगळे बोलावतात म्हणून पुन्हा नदीवर गेले. बोलावलं असं कोणी नाही, पण येऊ नका असंही कोणी म्हणालं नाही. पुस्तक घेऊन गेले. कुटीत मौनीनं दुर्बीण लावली की मी त्या पक्ष्याचं पान काढून वाचायला लागायचे, अगदी हळू. दंतवैद्य अर्धा तास चुळबुळला. मग वाकून म्हणाला, बाई, इथे वाचलं नाही तरी चालतं. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही एक्स-रे न बघता दाढ काढत होतात का? पलीकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. मौनी हसली नाही. उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिथून उजेड जास्त असावा.

दंतवैद्याला माझा हेवा वाटतो. स्वाभाविक आहे.

२ डिसेंबर

पत्राला उत्तर नाही. यावरून त्यांची पातळी कळते.

मौनी आठवडाभर आली नाही. थंडी आहे. थंडीत ती घराबाहेर पडत नाही. पहाटे नदीवर जाते तेवढंच.

१० डिसेंबर

महत्त्वाची बातमी. जानेवारीत पक्षीगणना आहे. वर्षातून एकदाच असते. प्रत्येक कुटीत जोडीनं बसायचं: एकीनं दुर्बिणीतून बघून कोणता पक्षी, किती, हे सांगायचं, दुसरीनं लिहून घ्यायचं. जोडी ज्यानं त्यानं निवडायची. हे सगळं मला मौनीनं सांगितलं नाही, दंतवैद्यानं बसस्टॉपवर सांगितलं. का सांगितलं? कारण त्याला अंदाज घ्यायचाय.

अंदाज कसला! जोडी म्हटल्यावर मौनी दुसऱ्या कोणाचं नाव घेईल? डोळे तिचे, कागद माझा. उद्या नाही तर परवा फोन येईल.

१७ डिसेंबर

फोन नाही. फोन बिघडला असावा. भावजयीला खालून लावायला सांगितला. वाजला. म्हणाली, वन्सं, चालू आहे हो, नुसता येत नाहीये. या बाईला माणसाच्या मर्मावर बोट ठेवण्याचं शिक्षण कुठे मिळालं, देव जाणे. कॉन्व्हेंटमध्ये तर गेली नाही.

२३ डिसेंबर

मौनी आली. न सांगता, बूट पुसून. चहा घेतला. मी पेपर उघडला तर म्हणाली, आज राहू दे. मग बराच वेळ कप फिरवत बसली. शेवटी म्हणाली, गणनेला माझ्याबरोबर येशील का? डॉक्टर म्हणत होते त्यांच्या भाचीला घे, पण मी म्हटलं की आधी तुला विचारते.

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात.

मग म्हणाली, पण तिथे मी बोलणार. तू ऐकायचंस आणि लिहायचंस. जमेल?

जमेल म्हणे! तीस वर्षं छापखाना चालवलेल्या बाईला विचारते, जमेल का. बरं, ती अट नव्हती, विनंती होती. जाताना दारात थांबून म्हणाली, यंदा खूप वाटतंय गं काहीतरी वेगळं दिसेल. एका दिवसात एवढं ती नवऱ्याच्या वेळीसुद्धा बोलली नव्हती.

दंतवैद्य हरला.

२८ डिसेंबर

गप्प बसण्याचा सराव सुरू. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास ठरवला. उत्तम जमला. मध्ये भावजय नळाचं विचारायला आली तेवढंच बोलावं लागलं. मग तिचा नळ, तिच्या माहेरचा नळ, आणि तिच्या आईनं मुलींना काय वळण लावलं, हे ओघानं आलं. तो वेळ धरायचा नाही.

४ जानेवारी

सराव थांबवला. अंगभूत गोष्टीला सराव लागत नाही.

११ जानेवारी, रविवार. गणना

घरी आल्यावर लगेच लिहीत आहे, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करू नये.

उजाडायच्या आत आम्ही कुटीत होतो, दोघीच. बाहेर धुकं, पाणी आणि आकाश एकच. हात गारठले होते. मौनीनं दुर्बीण लावली आणि बोलायला लागली. बगळे, पाणकावळे, त्या लाल की गुलाबी पायांचा थवा, पलीकडच्या काठाला बदकं, आणखी दोन गवताआड. थांबत नव्हती. बारीक, स्वच्छ आवाज आहे तिचा. शब्द अगदी सुटे. तीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. येणार कसं, मी वाचत होते.

मी लिहीत गेले. एक अक्षर बोलले नाही. जवळजवळ. बदकांच्या बाबतीत एकदा, आणि पेन्सिलीच्या टोकाबद्दल.

ऊन वर आलं तेव्हा ती एकदम थांबली. मला वाटलं दमली. तर तिनं माझा हात धरला. कुजबुजली, बघ. त्या ओंडक्याच्या डावीकडे. लहान, राखाडी. चोच बघ कशी वर वळलीय. पाय पिवळे. बघ ना.

मी पुस्तक उघडलं. दुसरं काय करणार? वर वळलेली चोच, पिवळे पाय, लहान, पान सापडलं. आणि तिथे स्वच्छ छापलं होतं: हा पक्षी समुद्रकिनाऱ्यावर, खाऱ्या चिखलात राहतो. गोड्या पाण्यावर, नदीकाठी, येत नाही. समुद्र इथून कुठच्या कुठे. मी तिला तेवढं वाचून दाखवलं. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर बघ म्हणतेय. मी म्हटलं, थांब, खालीही काही दिलंय, आणि खालचंही वाचलं. तिनं हात दाबला. बघ गं. मी म्हटलं, अगं पण इथे स्पष्ट दिलंय की—

पंखांचा आवाज झाला. मी मान वर केली तेव्हा नुसता ओंडका होता.

मौनी दुर्बीण खाली ठेवून बसली. मी त्या पक्ष्याची नोंद केली नाही. पुस्तकाप्रमाणे तो इथे नसतोच, तर लिहायचं काय? नाव इथेही लिहीत नाही.

नंतर फाटकाजवळच्या शेडमध्ये सगळे चहाला जमले, आणि मौनी बोलली. सगळ्यांसमोर. उभं राहून. हातानं चोचीचं वळण दाखवत, तो चिखलात कसा धावायचा, मध्येच कसा वळायचा. तिचे गाल लाल झाले होते. लोक कप हातात धरून ऐकत होते. दंतवैद्य तर उठूनच उभा राहिला. म्हणाला, इथे आजवर कोणालाच दिसलेला नाही, पहिल्यांदाच. पण फोटो नाही, तेव्हा अशा नोंदीला दुसऱ्या माणसानं पाहिलेलं लागतं. आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मी पाहिला नाही, मी वाचत होते.

दंतवैद्य अगदी हळू म्हणाला, उडतानाही नाही? ओझरतासुद्धा? मी म्हटलं, डॉक्टर, मला खोटं बोलायला शिकवलेलं नाही, आणि पुस्तकाप्रमाणे तो इथे येतच नाही. वातावरण हलकं व्हावं म्हणून वर म्हटलं, आमच्या मौनीला चष्म्याचा नंबर तपासायला हवा. कोणी हसलं नाही. लोकांना विनोदाची जाण राहिलेली नाही.

मौनी म्हणाली, हं. आणि खाली बसली.

मी तिची अब्रू वाचवली. उद्या मोठ्या तज्ज्ञांनी नोंद खोटी ठरवली असती तर तोंडघशी पडली असती. आज तिला ते कळणार नाही. दोन दिवसांत कळेल. बसनं मी एकटीच आले. ती म्हणाली थोडा वेळ पाण्याकाठी बसते.

१६ जानेवारी

आली नाही. दमली असणार, एवढं बोलायची सवय नाही.

२१ जानेवारी

आली नाही. आता तिनंच पहिल्यांदा यायला हवं. मी जाणार नाही. हा ठराव पक्का.

२२ जानेवारी

गेले. त्या बाजूला काम होतं. काम नव्हतं, पण पाय मोकळे करायचे होते, आणि तिचं घर त्याच वाटेवर आहे, वाट थोडी वाकडी केली की.

दार तिनंच उघडलं. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी उंबऱ्यातूनच सांगितलं की माझ्या मनात काही नाही, मी सगळं विसरले आहे. तर ती म्हणाली, आणि हे मी जसंच्या तसं उतरवते: तीस वर्षं तू जे वाचलंस ते मी खरं धरलं, कधी मान वळवून तुझ्या हातातला कागद बघितला नाही, एकदा मी म्हटलं बघ, तर तू मान वर केली नाहीस.

मी म्हटलं, अगं, आपलं ठरलेलंच होतं, बघणं तुझं काम. ती म्हणाली, हो, काम होतं. काम संपलं ना गं आता. मग म्हणाली, चहाला नको धरूस मला.

दार आपटलं नाही तिनं. अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर मला चार शब्द बोलता आले असते.

वाक्यं चांगली होती, सुटसुटीत. एवढं बोलता येत होतं तर तीस वर्षं काय केलं हिनं?

२५ जानेवारी

उपाय सापडला! साधा आहे. मी तो पक्षी बघते. एकदा आला म्हणजे पुन्हा येणार, चूक एकदा झाली की पुढच्या पानावर परत होतेच. मी पाहिला की नोंद पक्की, आणि मौनी संध्याकाळी माझ्या दारात. उद्यापासून रोज नदी. फिक्या रंगाची शाल भावजयीकडून मागून आणली. म्हणाली, वन्सं, तब्येत बरी आहे ना?

३० जानेवारी

पाच दिवस कुटीत बसले. चिखल पाठ झाला. सगळे पक्षी राखाडी आहेत आणि सगळे लहान आहेत. चोच वर वळलेली आहे की त्यानं मान वाकडी केली आहे, हे कळायला ते जरा वेळ थांबत नाहीत. बघणं ही काही फार मोठी विद्या असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. अजूनही वाटत नाही. फक्त डोळ्यांतून पाणी येतं. थंडीचं.

तिच्या जागी बसते, बाकाच्या त्या टोकाला. तिथून उजेड जास्त नाही. उलट कमीच आहे.

६ फेब्रुवारी

आज लक्षात आलं की मला तो पक्षी दिसला होता. गणनेच्याच दिवशी. मी मान वर केली तेव्हा काहीतरी उडत होतं, आणि ते दुसरं काय असणार? खालून पिवळं होतं. पायच ते. गडबडीत माझ्या ध्यानात आलं नाही, वयोमानानं होतं असं. उद्या डॉक्टरांना सांगते. हे खोटं नव्हे. दुरुस्ती आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांना फाटकाशी गाठलं आणि सांगितलं: मी पाहिला. लिहून देते, सही करते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलले नाहीत. दवाखान्यातली सवय असेल, ज्याची दाढ दुखते त्याला बोलू देण्याची. मग म्हणाले, बाई, त्यांनी ती नोंद केव्हाच मागे घेतली. त्याच दिवशी.

मी म्हटलं, का? नोंद खोटी होती का?

ते म्हणाले, छे हो. म्हणाल्या, मला दिसला, तेवढं पुरे.

मी म्हटलं, असं कसं पुरे? दुसरं कोणी लागतं ना? तुम्हीच म्हणालात लागतं. ते म्हणाले, यादीसाठी लागतं. त्यांना यादीत नकोय.

घरी चालत आले. तीन बसथांबे चालल्यावर लक्षात आलं की बस गेली. सूज आहे पायांना. रस्ते वाईट आहेत. पत्र टाकायला हवं.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांच्या भाचीला मौनीनं दुर्बीण लावायला शिकवली, असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं ते महत्त्वाचं नाही. नदीवर गेले होते, झाडाआड होते, ऐकू आलं. ती मुलगी काही बोलत नव्हती. नुसती हं हं करत होती. पोरीला घरी काही शिकवलेलं दिसत नाही.

नदीवर जाणं बंद. तब्येतीला दमट हवा बरी नाही.

१५ मार्च, संध्याकाळ

पेपरात आलंय: दलदलीतले पाहुणे पक्षी परतले, पाणी आटत चाललंय, आता पुढच्या थंडीपर्यंत तिथे बघण्यासारखं काही नाही. छापून आलंय. म्हणजे मौनी मोकळी झाली. माणसाला वेड असतं तेव्हा समजावून उपयोग नसतो, मोसम संपू द्यायचा असतो. मी तेच केलं.

चहाचं आधण ठेवलं आणि फोन लावला. उचलला. आवाज इतका बारीक की आधी वाटलं आजारी आहे. तर कुटीत होती.

मी म्हटलं, अगं, गेले ना सगळे? पेपरात आलंय. काय बघतेस?

म्हणाली, काही नाही. नुसती बसलेय.

मी बोलणार होते, पण तिनं ठेवला होता.

नुसतंच बसायचं होतं, तर माझ्याकडे काय खुर्च्या नव्हत्या?